रुमाजीची घार

एका गावात एक शाहीर होता, आणि स्वतःवर त्याच्याइतका खूश माणूस त्या गावात दुसरा नव्हता. त्याचे नाव रुमाजी. गाव म्हणजे डोंगरातल्या एका लहानशा संस्थानाची राजधानी. राजधानी म्हणायची आपली. एक गढी, एक महादरवाजा, दरवाजावर नगारखाना, आणि दरवाजाच्या कोनाड्यांत माणसांपेक्षा जास्त कबुतरे. पण दसऱ्याला त्या दरवाजासमोर रुमाजीचा पोवाडा सुरू झाला की शेजारच्या मोठ्या संस्थानांतली माणसेही गाड्या जुंपून ऐकायला येत.

ती येत घारीसाठी. पोवाड्याचा एकेक चौक संपत आला की रुमाजी डोळे घट्ट मिटून घेई, उजवा पंजा कानावर ठेवी, मान मागे टाकी आणि आवाज असा वर फेकी की दरवाजावरची सगळी कबुतरे फडफडून उडत. तो सूर वरच्या वर घिरट्या घालत राही. लोकांनी त्याला नावच दिले होते, रुमाजीची घार.

रुमाजीच्या मानेमागे गेनबा उभा असे. गेनबा त्याचा झीलकरी. शाहिराची ओळ संपली की ‘जी जी रं जी’ करत ती उचलायची, दोन ओळींमधली जागा भरून काढायची आणि तुणतुणे वाजवायचे, एवढे त्याचे काम. अंगाने काटकुळा, स्वभावाने अबोल, आणि चार ओळी काही त्याला सलग पाठ होत नसत. “गेनबा, तू आपलं जी जी म्हण. घारीच्या वाटेला जाऊ नकोस,” असे रुमाजी त्याला चारचौघांत बजावी. गेनबा मान डोलावी. लोक एकमेकांकडे बघून हसत. रुमाजीला वाटे, आपल्या विनोदाला हसतात.

एका सकाळी राजा गेला. आदल्या दिवशी तो बागेत आंब्याला कलम बांधत होता, आणि सकाळी उठलाच नाही. गाव हबकून गेले. बाजार आपोआप बंद झाला, आणि कुणाला कुणाशी काय बोलावे ते कळेना.

त्या संस्थानात एक जुनी रीत होती. राजा गेला की दिवसकार्य उरकल्यावर महादरवाजासमोर त्याचा शेवटचा पोवाडा व्हायचा, आणि तो शाहिराने एकट्याने म्हणायचा. झीलकरी नाही, तुणतुणे नाही. जाणारा एकटा जातो, तेव्हा त्याला पोचवणाऱ्यानेही एकटेच उभे राहावे, असा त्यामागचा विचार. ज्याला हे साधले नाही त्याच्याकडून राजघराण्याचा डफ काढून घेत. मग तो पुन्हा कुणाच्या दारात शाहीर म्हणून उभा राहू शकत नसे.

रुमाजीला मुळीच काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती गावाला. न्हाव्याने दाढी करता करता हळूच सुचवले, “शाहीर, घसा धरलाय म्हणून सांगून टाका की.” पाटलानेही तेच सुचवले. शेजारची म्हातारी तर दारात येऊन रडूनच गेली. रुमाजी प्रत्येकावर चिडला. एवढ्या वर्षांची घार, आणि हे लोक मलाच शिकवतात!

पोवाडा त्याने झोकात रचला. राजाला हत्तीवर बसवले, हातात विजेसारखी तलवार दिली, शत्रू पळवले. आमच्या राजाने उभ्या जन्मात तलवार काढली होती ती दसऱ्याला पूजेपुरती, पण पोवाड्यात तलवार हवीच. सरावाचे तेवढे राहिले होते. घरात घार सोडू नये, अपशकुन होतो, असे रुमाजीच्या बापाने त्याला लहानपणीच सांगून ठेवले होते. घरी तो ओळी नुसत्या गुणगुणे. घराबाहेर गायचे तर गेनबा मागे असेच. या वेळी गेनबा चालणार नव्हता. म्हणून रुमाजी डफ घेऊन एकटाच गावामागच्या टेकडीवर गेला.

पहिला चौक म्हणून झाला. त्याने डोळे मिटले, पंजा कानावर ठेवला, मान मागे टाकली आणि आवाज वर फेकला.

घशातून आले ते बिनतेलाच्या बिजागरीसारखे काहीतरी. रुमाजीने दचकून मागे वळून पाहिले. कोण नक्कल करतो? मागे कुणीच नव्हते. एक बकरी मात्र चरायची थांबून त्याच्याकडे बघत होती.

त्याने पुन्हा आवाज लावला. पुन्हा तेच. छाती फुटेपर्यंत लावला, तेव्हा तर नुसती हवाच आली. तो खाली बसला आणि स्वतःचा गळा चाचपू लागला. गेल्या दसऱ्यापर्यंत होता तो सूर गेला कुठे?

टेकडी उतरून तो तडक गेनबाच्या घरी गेला. गेनबा ओट्यावर तुणतुण्याची तार पिळत बसला होता.

“गेनबा, माझी घार गेली रे! कुणी करणी केली की काय?”

गेनबाच्या हातातली तार सुटली. त्याने तुणतुणे बाजूला ठेवले. मग खाली मान घालून म्हणाला, “शाहीर, ती आज नाही गेली. घटसर्पात गेली. तुमचा घसा सुजून श्वास अडकला होता ना, त्या साली.”

“म्हणजे? त्यानंतर इतके दसरे मी...”

“तुम्ही डोळे मिटायचा आणि सूर लावायचा. तुमचा सूर वर जाता जाता विरायचा. मी मागून तो धरायचो. पहिल्या साली नुसतं टोक धरलं. पुढं अर्धा. आता कैक दसरे सगळी घार मीच म्हणतो. तुम्ही नुसतं तोंड उघडता.”

रुमाजी भिंतीला टेकला. आपलेच कान आपल्याला इतकी वर्षे फसवत होते, यावर त्याचा विश्वास बसेना. मग धक्क्याचा संताप झाला. “चोरा! माझी घार चोरलीस, आणि वर मला सांगतोस?”

गेनबाने पहिल्यांदाच मान वर केली. “चोरली असती तर माझ्या नावानं म्हटली असती. मला शब्द जुळत नाहीत, चार ओळी पाठ राहत नाहीत. माझं उणं मला ठाऊक आहे, म्हणून मी मागं उभा राहतो. तुमचं तुम्हाला ठाऊक नव्हतं, एवढंच.”

रुमाजी तसाच घरी आला. बायको, चंद्राबाई, भाकऱ्या थापत होती. त्याने तिला सगळे सांगितले. तिने काही आश्चर्य दाखवले नाही, तवा उतरवला फक्त. ते पाहून रुमाजीला दुसरा धक्का बसला.

“तुला ठाऊक होतं?”

“अख्ख्या गावाला ठाऊक आहे. गुराख्याच्या पोरांनासुद्धा.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही गेनबाभावजींना हाकलून दिलं असतं. तुमचं गाणं गेलं असतं आणि त्यांचंही.”

रुमाजीला आता न्हावी आठवला, पाटील आठवला, रडणारी म्हातारी आठवली. चारचौघांतले ते हसणे आठवले, आणि कानशिले तापली. सगळ्या गावाने मिळून त्याची मूठ झाकून धरली होती. मुठीत काही नाही हे ठाऊक नव्हते फक्त मूठ ज्याची होती त्याला.

पण माणूस धक्क्याने लगेच शहाणा होतो असे नाही. रुमाजी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेनबाकडे गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “तू नगारखान्यात लपून बस. चौक संपला की वरून घार सोड. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा हे निभावून ने.”

गेनबाने त्याच्याकडे नुसते पाहिले. “बसतो,” म्हणाला.

पोवाड्याच्या दिवशी महादरवाजासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. चौथऱ्यावर नवा तरुण राजा बसला होता. शेजारी चिकाच्या पडद्याआड आईसाहेब होत्या. मधल्या मोकळ्या जागेत रुमाजी एकटा. त्याच्या पाठीला वारा लागत होता. तिथे आजवर कायम गेनबा असे.

त्याने डफावर थाप मारली आणि हत्तीची ओळ म्हटली. ओळ संपली. आता ‘जी जी’ यायला हवे होते. आले नाही. त्या जागी नुसती शांतता आली, आणि रुमाजी घाबरला. त्याने घाईने तलवारीची ओळ घेतली. आवाज चिरकला. ओळ संपली, पुन्हा तीच शांतता.

आणि त्या शांततेत त्याला पडद्याआडून एक हुंदका ऐकू आला.

रुमाजी जागच्या जागी थिजला. इतकी वर्षे तो या दरवाजासमोर गात होता, पण समोरचा माणूस त्याने कधी ऐकलाच नव्हता. दोन ओळींमधली जागा नेहमी झिलीने भरलेली असे. पडद्यामागे एका बाईचा नवरा गेला होता, आणि आपण तिला हत्ती सांगत होतो. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

त्याने डफावरचा हात हलका केला. पुढच्या तलवारी त्याने सोडून दिल्या. त्याला जो राजा आठवला तो खरा राजा होता, आणि तो वरच्या आवाजात सांगण्यासारखा नव्हताच. जो आवाज उरला होता, खालचा, थोडा खरखरीत, त्या आवाजात तो म्हणू लागला,

हत्तीवरून नाही आला, पायी आला राजा,
आजाऱ्याची झोप मोडेल, हळू लोटला दरवाजा.

गर्दीत चुळबूळ झाली. ऐकू येईना म्हणून मागची माणसे पुढे सरकली. रुमाजी थांबला. शांतता येऊ दिली. ती त्याला आता भीतीदायक वाटत नव्हती.

तापात माझा सूर गेला, जीव तेवढा राहिला,
उशाशी बसला राजा तेव्हा मी डोळ्यांनी पाहिला.

‘सूर गेला’ हे शब्द ऐकले आणि गावाने श्वासच रोखला. जे सगळ्यांनी इतकी वर्षे दाबून ठेवले होते, ते शाहीर स्वतःच्या तोंडाने, भर दरबारात, परक्या गावच्या पाहुण्यांदेखत सांगत होता! न्हाव्याने तर डोक्याला हात लावला.

चौक संपत आला. सवयीने सगळ्यांच्या माना वर झाल्या. रुमाजीनेही वर पाहिले. नगारखान्याच्या खिडकीत गेनबा होता, पंजा कानावर, छाती भरलेली. दोघांची नजर मिळाली.

रुमाजीने मान हलवून नको म्हटले. मग तळहात डफावर सपाट ठेवून त्याने डफ बंद केला, आणि शेवटचा शब्द बोलल्यासारखाच म्हटला. घार उडाली नाही. कोनाड्यातले एक कबूतरसुद्धा हलले नाही.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी ‘वाहवा’ म्हटले नाही. सगळे कसे दगडासारखे झाले होते. रुमाजीला वाटले, संपले.

तरुण राजा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. “शाहीर, घार कुठं आहे? आमच्या वडलांना तुम्ही घारीवाचून पोचवलंत?”

“सरकार, घार माझी नाही. ती गेनबाची आहे, माझ्या झीलकऱ्याची. लोक टाळ्या मला देत आले, मीही घेत आलो. आजसुद्धा त्याला मीच वर लपवला होता. रीत मोडायला निघालो होतो.” एवढे बोलून रुमाजीने राजघराण्याचा डफ कपाळाला लावला आणि राजाच्या पायांशी ठेवला.

गेनबा नगारखान्याच्या जिन्यावरून धडपडत खाली आला.

तेवढ्यात चिकाचा पडदा बाजूला झाला. आईसाहेब स्वतः बाहेर आल्या. असे कधी झाले नव्हते. गर्दी झटकन खाली बसली.

“डफ उचला, शाहीर,” आईसाहेब म्हणाल्या. “यांचं कौतुक आजवर सगळ्यांनी ओरडूनच केलं. हळू बोललात ते आज तुम्हीच. आणि रीत म्हणाल, तर ती तुम्ही मोडली कुठं? एकटेच तर उभे होतात.”

रुमाजीने डफ उचलला. त्याने आधी गेनबाचे पाय धरले, आणि गेनबा “अहो शाहीर, अहो शाहीर” करत मागे सरकत राहिला.

त्यानंतर रुमाजी गावोगाव एकटाच गाऊ लागला. मोठ्या मैदानात त्याचा आवाज पोचत नसे, म्हणून तो अंगणात गाई. लोकांना जवळ येऊन बसावे लागे, मग ते बसत. आपला सूर कुठवर जातो ते त्याला नेमके ठाऊक झाले होते, आणि त्यापुढे जायचा हट्ट त्याने सोडला होता. त्याच्या शांत जागा ऐकायला लोक लांबून येऊ लागले, ही गोष्ट त्याला शेवटपर्यंत नवलाची वाटे.

दसऱ्याला मात्र दोघे एकत्र उभे राहत. गेनबा आता मागे नसे, शेजारी असे. चौक संपत आला की रुमाजी मोठ्याने सांगे, “मंडळी, आता गेनबाची घार!” आणि स्वतः गप्प राही.

पहिल्या वर्षी गेनबाने सूर वर फेकला तेव्हा दरवाजावरची कबुतरे एकदम उडाली. लोक बघत होते गेनबाकडे. रुमाजी बघत होता वर, तोंडाचा आ करून. इतकी वर्षे त्या सुराच्या वेळी त्याचे डोळे मिटलेले असत. कबुतरे उडताना त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तात्पर्य: आपले उणे ज्याला दिसत नाही, तो दुसऱ्याच्या गळ्याने गात राहतो; ज्याने ते डोळे उघडून पाहिले आणि चारचौघांत मान्य केले, त्यालाच स्वतःचा आवाज सापडतो.