धर्मा नाखवांची जुनी होडी

पाच होड्यांचे मालक धर्मा नाखवा एक जुनी होडी विकायला निघाले होते. चांगुणाचा नवरा जन्मभर दुसऱ्यांच्या होड्यांवर राबला होता. त्याला स्वतःची होडी हवी, म्हणून गळ्यातले सोने पुरचुंडीत बांधून ती किनाऱ्यावर आली.

“एखादी फळी बदल, बाकी होडी ठणठणीत,” नाखवा म्हणाले.

“मग पाण्यात उतरवून दाखवा.”

“नारळी पौर्णिमेआधी? गावाची रीत मोडू? आणि सौदा आजच व्हायला हवा. माझ्या शब्दावर भरवसा नाही का गं?”

चांगुणा म्हणाली, “रीत कशाला मोडायची, नाखवा? होडी समुद्रात जात नाही, तर मी समुद्रच होडीत आणते.”

तिने शेजारणींना हाक मारली. हंड्याहंड्याने खारे पाणी होडीत पडले, आणि नव्या रंगाखालच्या फटींतून बाहेर धारा लागल्या.

नाखवा उसळले, “हे बाहेर आलं गं! आत थेंब तरी शिरला का?”

चांगुणाने पुरचुंडी कमरेला घट्ट खोचली.

“नाही शिरला. पण हे पाणी आता समुद्राकडेच चाललंय, नाखवा. होडीत शिरायची वाट सांगेलच त्याला.”