उघाडीवरचा कायतान आणि पलीकडचा धूर

ही गोष्ट आहे तिवरखारच्या बांधावर दार उचलायचं लोखंडी चाक नव्हतं, तेव्हाची. उघाडीला सागाची एकच जाड फळी होती, दोन दगडी खाचांत वरखाली सरकणारी. आज गावात जी सगळ्यांत म्हातारी माणसं आहेत ना, त्यांच्या पणजोबांनीसुद्धा ती फळी खाचांत सरकताना पाहिली नव्हती, नुसतं ऐकलं होतं. म्हणजे किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा.

एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि मधे बांध. बांधातलं ते दार म्हणजे उघाडी. ओहोटीला फळी वर ओढायची, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती यायच्या आधी खाली सोडायची, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. काम एवढंच, पण सगळ्या गावाचं अन्न त्या फळीवर. शेतांच्या टोकाला गोड्या पाण्याचं तळं होतं, आमच्याकडं त्याला बावखल म्हणतात. गाव तेच पाणी पीत असे. हे सगळं ज्याच्या हाती सोपवलेलं, तो कायतान. माणूस वाईट नव्हता हो. देवळात पहिला, कामाला चोख. एकच खोड, आपल्या घरचं ताट दुसऱ्याच्या ताटाहून भरलेलं दिसलं पाहिजे.

भाद्रपदातली पौर्णिमा होती आणि त्याच दिवशी कायतानच्या पहिल्या लेकीचा बाप्तिस्मा. जेवणात जिताडा मासा हवा, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आता भरतीच्या तोंडाला फळी वीतभर उचलून ठेवली आणि आत जाळं लावलं, की पाण्याबरोबर जिताडा येतो, हे उघाडीवाल्याला ठाऊक असतंच, आणि तसं करायचं नाही हेही ठाऊक असतं. कायताननं फळी वीतभर उचलली, दोर खुंटाला बांधला, आणि पाहुण्यांना पानावर बसवून येतो म्हणून घरी गेला.

पौर्णिमेचं उधाण भर दुपारी येतं. पाहुणे आग्रह करत राहिले, हा हसत राहिला, आणि वारा सुटला. आठवण झाली तेव्हा हातातला घास तसाच टाकून कायतान धावला. बांधाची कड खचली होती. निसवलेल्या भातात कमरेएवढं खारं पाणी, आणि बावखलात फेस. फळी मात्र खाली बसलेली. दोर कापलेला. कायताननं तुटका दोर आणि जाळं गोळा करून खाडीत फेकलं. त्याच क्षणी त्याच्या जिभेवर मिठाची चव आली, असं म्हणतात.

लोक जमले. कुणीतरी सांगितलं की खेकडे धरणारा बस्त्याव बांधावरून जाताना दिसला, हात रक्तानं माखलेला. त्याला बोलावलं. तीन बोटं चेचली होती. तो म्हणाला, फळी वर होती, मी दोर कापला, अंगाचा भार टाकून ती खाली बसवली, तेव्हा बोटं सापडली. वर कुणी उचलली, असं लोकांनी विचारलं. बस्त्यावनं एकदा कायतानकडं पाहिलं आणि म्हणाला, मी पाहिलं नाही. खोटं नव्हतं ते. त्यानं पाहिलं नव्हतंच.

कायताननं मान खाली घातली. तो एक शब्दही खोटं बोलला नाही. बोललाच नाही.

मग काय, ज्याचा हात चेचला त्याचंच काम, असं ठरलं. खेकड्यांसाठी फळी उचलली म्हणे. बस्त्यावला गावात कुणी पाणी देईना, देवळात त्याच्या बाकावर कुणी बसेना. आठ दिवसांत तो बायकोला घेऊन खाडीपलीकडं तिवरांच्या झाडीत राहायला गेला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तिथून धूर निघायचा. उभा, दाट, पांढरा. उघाडीवरून तो सरळ डोळ्यांसमोर दिसे, आणि कायतान पाठ फिरवून उभा राही.

पण पाठ फिरवून कुठं काय सुटतं? रेजिन, त्याची बायको, अळणी पेज वाढी आणि तो म्हणे खारट झाली. बावखल खारावल्यावर खणलेल्या नव्या विहिरीचं पाणी खारट, लेकीच्या गालाचा मुका खारट. मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, ख्रिस्तप्रसाद जिभेवर ठेवला की तोही खारट. झोपेतही तो हात वर करून दोर ओढी.

त्या काळी पाद्री बाप्तिस्मा-लग्नाला येऊन लगेच परतायचे, मुक्कामाला मात्र वर्षातून एकदाच, उपासकाळात, म्हणजे पास्काच्या, ईस्टरच्या, आधीच्या चाळीस दिवसांत, होडीतून यायचे. त्यांच्यापुढं गुडघे टेकून आपली पापं सांगायची, याला आमच्याकडं कुमसार म्हणतात. पाच वर्षं कायतान त्या रांगेत उभा राहिला. आज सांगतो, आज सांगतोच. आणि पुढं गेला की सांगायचा, बैलाला शिवी दिली, शुक्रवारी मटण खाल्लं. पाद्री क्षमेचे शब्द म्हणायचे, आणि त्याला वाटायचं, हे शब्द आपल्या डोक्यावरून मागच्या माणसाला जाताहेत.

सहाव्या वर्षी राखेच्या बुधवारी पाद्रींनी सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. घरी आल्यावर रेजिननं नवऱ्याकडं पाहिलं आणि तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. सगळ्यांच्या कपाळावरची राख काळी होती. कायतानच्या कपाळावरचा क्रूस पांढरा झाला होता, मिठागरातल्या थरासारखा. असं म्हणतात की त्यानं तो तीनदा पुसला आणि तीनदा तो परत आला.

रेजिन हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही जाळं घेऊन गेला होतात. परत आणलं नाहीत."

म्हणजे तिला पाच वर्षं ठाऊक होतं. कायतान उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडला. मग उठला आणि डोक्याला काही न गुंडाळता, तसल्या पांढऱ्या कपाळानं गावातून चालत देवळात गेला.

या वेळी त्यानं सगळं सांगितलं. फळी, दोर, जाळं, बस्त्यावची बोटं, आणि पाच वर्षांचे खोटे कुमसारही. म्हाताऱ्या पाद्रींनी डोळे मिटून घेतले. कायतानला वाटलं, संपलं. याला क्षमा नाही.

"देवानं तुला क्षमा केली," पाद्री म्हणाले. "त्याला वेळ लागत नाही, वेळ तुला लागला. पण कायतान, बस्त्याव अजून तिवरांतच आहे ना? पास्काच्या आधी त्याला घरी आण. हेच तुझं प्रायश्चित्त."

आता तुम्ही म्हणाल, मग लगेच गेला असेल. कसला जातोय. देवाची क्षमा मिळाली तरी गावाची भीती होतीच. उघाडी जाईल, घर जाईल, लेकीला लोक काय म्हणतील. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता उपासकाळाचे चाळीस दिवस सरत आले. आणि पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी त्यानं पहिल्यांदाच तोंड वळवून पलीकडं पाहिलं, तर धूर नव्हता. शुक्रवारीही नव्हता.

म्हातारा बस्त्याव गेला की काय? मग आपण कुणाला सांगायचं? शनिवारी उजाडताच त्यानं फळी घट्ट खाली बसवली, दोनदा तपासली, आणि ओहोटीच्या चिखलातून खाडी ओलांडून निघाला. मांडीपर्यंत पाय रुतत होते. प्रत्येक पावलाला तो एकच म्हणत होता, देवा, तो जिवंत असू दे.

बस्त्याव खोपटात तापानं पडला होता. बायको उशाशी. कायतान दारातच गुडघ्यांवर बसला. पाच वर्षं घोकलेलं सगळं विसरला आणि एवढंच म्हणाला, "बस्त्यावकाका, फळी मी उचलली होती."

"ठाऊक आहे," बस्त्याव म्हणाला. "उघाडीवाल्याची गाठ मी कापली, मला नाही ओळखू येणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून." तो थांबत थांबत बोलत होता. "रोज ओला काथ्या जाळून धूर करत होतो. दोन माणसांच्या चुलीला एवढा धूर होतो का रे? तुला दिसावा म्हणून. आम्ही इथंच आहोत, हे कळावं म्हणून."

ज्या धुराकडं कायताननं पाच वर्षं पाठ केली, तो त्याला बोलावत होता. त्यानं बस्त्यावला पाठीवर घेतलं आणि परत निघाला.

पण उधाण सुटलं होतं. गाव तेव्हा देवळाबाहेर, पास्काच्या आदल्या दिवशी पाद्री नव्या पाण्याला आशीर्वाद देतात त्यासाठी, जमलेलं, सगळ्यांनी पाहिलं. दोन्हीकडून पाणी चढत होतं आणि मधून कायतान चालत होता, पाठीवर बस्त्याव, मागं बस्त्यावची बायको. असं म्हणतात की पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. ते बांधाला लागेपर्यंत त्या दिवशी भरतीनं वाट पाहिली.

बांधावर चढून कायताननं सगळ्यांसमोर सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही. एकानं खाली वाकून ढेकूळ उचललं, ज्याची सगळी शेती गेली होती त्यानं. कायतान हलला नाही.

तेव्हा बस्त्याव तोल सावरत बावखलाकडं गेला. पाच वर्षांत त्या पाण्याला कुणी तोंड लावलं नव्हतं. त्यानं वाकड्या बोटांनी लोटा भरला आणि कायतानपुढं धरला. "पी."

कायतान प्यायला. डोळे मिटून, हळूहळू, सगळा लोटा. मग म्हणाला, "गोड आहे." त्यानंतर एकेक जण चाखत गेला, आणि शेवटी तो ढेकूळवालाही. पाणी गोड होतं. शहाणी माणसं म्हणतात, पाच पावसाळ्यांनी तळं धुऊन निघालं असणार. असेलही. पण मग आधी कुणी चाखून का नाही पाहिलं, ते शहाण्यांनाच विचारा.

उघाडी कायतानकडंच राहिली. बस्त्याव पुढं नऊ वर्षं जगला, कायतानच्याच ओटीवर.

आता तिवरखारला सिमेंटची, लोखंडी चाकाची उघाडी आहे. जुनी फळी देवळाच्या दाराशी उभी करून ठेवली आहे. पास्काच्या आदल्या दिवशी, ज्यानं कुणाचं वाईट केलं असेल तो बावखलाचा लोटा भरून त्याच्या दारी जातो आणि केलेलं सांगतो. घरातला माणूस आधी ऐकतो, मग घोटभर पितो, आणि उरलेलं त्याला प्यायला परत देतो. सगळे जातातच असं नाही. काही जण लोटा भरून अर्ध्या वाटेवरून माघारी येतात, दर वर्षी.

त्यांच्यासाठी गावानं एक रीत पाळली आहे. उपासकाळाच्या प्रत्येक संध्याकाळी एकेका घरचं माणूस पाळीनं खाडी ओलांडून पलीकडं जातं आणि ओला काथ्या पेटवतं. धूर उभा वर चढतो, आणि अलीकडच्या प्रत्येक अंगणातून दिसतो. कुणी बोलून दाखवत नाही, पण लोटा घेऊन माघारी आलेला माणूस रोज त्या वेळेला दारात येऊन उभा राहतो आणि धूर आहे ना, ते पाहतो.