उमाजीच्या खळ्यावरचा शुक्र

माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले, तेव्हा मी नेम धरला होता. ती सुखरूप मोकळी होईपर्यंत संध्याकाळी शुक्राची चांदणी पाहूनच जेवायचं. मध्येच चांदणी दिसेनाशी झाली आणि मी नुसत्या पाण्यावर राहिले. तेव्हा शेजारच्या यमुताईंनी मला त्यांच्या माहेरची, खळवाडीची ही गोष्ट सांगितली.

फार मागची गोष्ट. घाटमाथ्यावर मीठ तेव्हा कोकणातून बैलांच्या पाठीवर यायचं. खळवाडीत उमाजी नावाचा माणूस गावाचं खळं राखायचा. सारवलेल्या गोल खळ्याच्या मधोमध खांब, त्याला तिवडा म्हणतात. तिवड्याला बांधलेले बैल कणसांवरून गोल फिरायचे आणि उमाजी त्यांच्या मागून. असं म्हणतात, त्याची नजर एकतर बैलांच्या पायांवर असे, नाहीतर आभाळात.

त्याच गावच्या ठकूबाईंचा एकुलता मुलगा मीठ आणायला घाट उतरून गेला. तो परत येईपर्यंत शुक्र पाहूनच जेवायचं, असा नेम त्यांनी धरला. पण चांदणी रोज खाली खाली सरकत गेली आणि एका संध्याकाळी दिसलीच नाही. ठकूबाईंनी अन्न सोडलं. नेम मोडला तर पोराला अपाय होईल, हीच धास्ती. दिवसांमागून दिवस गेले, त्यांना उठवेना.

उमाजी म्हणाला, "अक्का, चांदणी पहाटे उगवेल. ती बघा नि जेवा."

"पहाटेची ती जात्यावरची चांदणी. तिला मी काही बोलले नव्हते."

गावात सगळे असंच समजत. संध्याकाळची एक, पहाटे बायका दळायला बसत तेव्हाची दुसरी.

उमाजीने त्यांना धरून खळ्यावर आणलं. तिवड्यावर पलिता पेटवला. पांढरा बैल आखूड दोराने तिवड्याजवळ बांधला आणि ठकूबाईंना खळ्याच्या कडेने हळूहळू चालायला लावलं.

"पलिता म्हणजे सूर्य. बैल शुक्र. तुम्ही आपली पृथ्वी. गुरू, शनी तुमच्याही बाहेरून फिरतात, लांबचा फेरा, म्हणून सावकाश."

"शुक्राला बैल करतोस होय रे?"

"बैलच बरा, अक्का. त्याचा फेरा चुकत नाही."

बैल पलित्याच्या डावीकडे होता तोवर दिसला. त्याचा फेरा लहान, चाल भरभर. तो मागून येऊन ठकूबाईंना गाठू लागला, पलित्याच्या रेषेत आला आणि झळाळीत त्यांचे डोळे दिपले. बैल दिसेना. दोन पावलांनी तोच उजवीकडे निघाला.

ठकूबाई थांबल्या. "हा गेलाच नव्हता की."

"तेच म्हणतोय. डावीकडचा तो सूर्यामागून मावळतो, संध्याकाळचा. उजवीकडचा तो सूर्याआधी उगवतो, पहाटेचा."

असं म्हणतात, त्यानंतर बैल कुणी न हाकता पहाटेपर्यंत फिरत राहिला आणि शुक्र उगवला तो त्याच्या शिंगावरच टेकला. ठकूबाईंनी हात जोडले आणि तिथेच भाकरी खाल्ली. पुढे मुलगा आला, वाळलेला, पण मिठाच्या गोण्यांसकट.

उमाजी म्हातारपणी फिरता फिरताच गेला, म्हणे, आणि त्या दिवशीही बैल थांबले नाहीत. खळवाडीत आता मळणी यंत्रावर होते. तरी वर्षातून एकदा तिवडा रोवतात, दिवा लावतात, पांढरा बैल फिरवतात. ज्यांची मुलं परगावी आहेत त्या आया कडेने चालतात. त्याला उमाजीचा फेरा म्हणतात.

मीही तेव्हा पहाटे गच्चीवर गेले, पूर्वेला शुक्र पाहिला आणि जेवले. बहिणीला मुलगी झाली. तुम्हीही आपल्या माणसासाठी असा नेम धरा. आणि चांदणी दिसेनाशी झाली, तर उपाशी राहू नका, ती गेलेली नसते. थोडे दिवस धीर धरून पहाटे पूर्वेकडे बघा.