बहात्तर हत्यारांची पेटी

बोरगडच्या महाराजांची मोटर राजवाड्याच्या कमानीखाली बसली, ती बसलीच!

"ढकला!" महाराज ओरडले.

आठ जणांनी ढकलली. मोटरीनं दोन शिंका दिल्या, थोडा धूर सोडला आणि पुन्हा गप्प झाली.

महाराजांना घाम फुटला. दुपारी चारला स्टेशनवर सासूबाई उतरणार होत्या. मागच्या खेपेला त्यांना बैलगाडीतून आणावं लागलं होतं. त्याला तीन वर्षं होऊन गेली, तरी सासूबाईंचं त्यावरचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं!

"साळूबाईला बोलवा! पळा!"

साळूबाई ही बोरगडची मिस्त्रीण. नवऱ्याच्या माघारी लोहारकीचं दुकान तिनंच चालवलं होतं. उसाचा चरक असो, राणीसाहेबांचं शिवणयंत्र असो, नाहीतर देवळातलं घड्याळ, बिघडलं की तिच्याकडे यायचं आणि ती ते चालू करायची. खांद्याला गोणपाटाची पिशवी अडकवून ती आली. पदर खोचला आणि सरळ मोटरीखाली डोकं घातलं.

"पेट्रोलची नळी ढिली झालीय, सरकार. मोटर जरा उचलली की अर्ध्या तासाचं काम." तिनं पिशवीतून पाना काढला. काळाकुट्ट, एका बाजूनं झिजलेला, दांड्याला सुतळी गुंडाळलेली.

महाराज दोन पावलं मागं सरले. "हे काय आहे? असलं भंगार माझ्या मोटरीला लावणार?"

"भंगार नाही, सरकार. मालकांनी स्वतः घडवलाय."

"ते काही नाही! आमची पेटी आणा!"

चार भालदार धापा टाकत एक भलीमोठी पेटी घेऊन आले. आत लाल मखमल आणि मखमलीवर बहात्तर हत्यारं! थेट विलायतेहून मागवलेली, चांदीचा मुलामा दिलेली. दोन वर्षांत त्यांनी एक खिळासुद्धा ठोकला नव्हता. मोरपिसानं त्यांच्यावरची धूळ झटकायला एक वेगळा माणूस ठेवला होता.

साळूबाईचे डोळे चमकले. तिनं बोटभर लांबीचा एक पाना अलगद उचलला आणि तळहातावर तोलला.

"हात पूस आधी!" महाराज किंचाळले. "हे बघ, साळूबाई. या बहात्तरच्या बहात्तर हत्यारांचा या दुरुस्तीत उपयोग झाला पाहिजे. त्यातलं एकही रिकामं बसता कामा नये!"

"बरं, सरकार."

"आणि एकावरही तेलाचा डाग पडता कामा नये!"

"आता हे कसं जमायचं? आंघोळीला गेलेला माणूस कोरडा कसा बाहेर येणार?"

दिवाण नारोपंत खाकरले. साळूबाईनं एकदा त्यांच्या अडकित्त्याला चारचौघांत 'बोथट' म्हटलं होतं, ते त्यांच्या मनात होतं. "महाराज, जमलं नाही तर तिची ती पिशवी विहिरीत टाकावी. राजवाड्यात असला कचरा हवा कशाला?"

"मंजूर!" महाराज म्हणाले.

साळूबाईचा चेहरा उतरला. तिनं पिशवी छातीशी धरली. मग मोटरीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, पेटी आणताना घामाघूम झालेल्या भालदारांकडे पाहिलं.

"पेटी लई जड आहे का हो?" तिनं हळूच विचारलं.

"कंबर गेली, बाई!" एक भालदार कण्हला.

साळूबाई खुदकन हसली. "सरकार, हुकूम पुन्हा एकदा सांगा. मागाहून घोटाळा नको."

"बहात्तर हत्यारांचा उपयोग आणि डाग एकही नाही!"

"एवढंच ना?"

"एवढंच!"

"मग पेटी बंद करा आणि कुलूप घाला!"

नारोपंतांनी आ वासला. साळूबाईनं एक लांबलचक सागवानी वासा मागवला. त्याचं एक टोक मोटरीच्या पुढच्या अंगाखाली सरकवलं, जवळच वाशाखाली मोठा धोंडा ठेवला आणि वर गेलेल्या दुसऱ्या टोकाला ती पेटी दोरखंडानं टांगायला लावली.

"सोडा!"

भालदारांनी हात सोडले. पेटी झपकन खाली आली आणि मोटरीचं नाक वर! साळूबाईनं चाकांच्या दांड्याखाली लाकडी ठोकळे सारले, हलवून पाहिले, मग सुतळीचा पाना घेऊन खाली शिरली. थोडी खडखड झाली, एक शिवी ऐकू आली (ती नळीला होती, असं तिनं नंतर सांगितलं), आणि ती नाकाला काजळी लावून बाहेर आली.

"फिरवा हँडल!"

मोटर घुर्र करून सुरू झाली! भालदार टाळ्या पिटू लागले.

"फसवणूक!" नारोपंत ओरडले. "काम हिच्या भंगार पान्यानं झालं!"

"पंत, मोटर उचलली कुणी? बहात्तर जणांनी मिळून! एकही रिकामं बसलं नाही, सगळी एका दोरावर लोंबत होती. आणि माझा पाना वापरू नको, असं सरकार कुठं म्हणाले?"

महाराजांनी कुलूप काढलं, डोळ्याला भिंग लावून एकेक हत्यार पाहिलं. डाग नव्हता. त्यांच्या मिशा थरथरू लागल्या आणि ते असे हसले, की फेटा सुटून गळ्यात आला!

"जिंकलीस, साळूबाई! पण खरं सांग. एवढी महाग हत्यारं घेतली, ती फुकट गेली का?"

"वजनाला झकास आहेत, सरकार. पण एवढ्या वजनाचे धोंडे नदीत पडलेत, त्यांना मोरपीस लागत नाही."

महाराज पुन्हा हसले. "बक्षीस माग!"

"हा बोटभर पाना द्या. घडण एक नंबर आहे, अडचणीच्या जागी पोचेल. असला मला साता जन्मांत घडवता यायचा नाही."

"दिला! सोन्याचं कडंही दिलं! पण..." महाराज कळवळून म्हणाले, "त्याला तेल लागेल गं!"

"लागू द्या की, सरकार! त्याला काय मुलगी बघायला जायचंय?"