पूर्वेचा घाट

पूर्वी त्रेतायुगात, विंध्याच्या दक्षिणेस, जिथली पाखरेही पाण्यासाठी डोंगर ओलांडून जात, तिथे तृणपाद नावाचे मुनी आणि त्यांची सहधर्मचारिणी सुव्रता यांनी चाळीस वर्षे खपून एक सरोवर खोदले. तपोबळाने मुनींनी ते क्षणात भरले असते; पण हाताने खोदलेल्या पाण्याची गोडी मंत्राच्या पाण्याला नाही, असे सुव्रतेचे म्हणणे, आणि पत्नीपुढे ऋषींचे तरी कुठे चालते? काठाने अशोक, कदंब, नागचंपक यांचे उपवन बहरले. डोंगरमाथ्यावरून थेट पूर्वेच्या घाटाला उतरणारी पायवाट झाली. त्याच घाटावर सुव्रता दमलेले पाय पाण्यात सोडून बसे. सरोवर काठोकाठ भरले, त्याच वर्षी ती निवर्तली.

आता उरला उत्सर्ग. सरोवर खोदणाऱ्याने हाती कुश घेऊन, 'हे जल मी सर्व प्राणिमात्रांना दिले' असे उदक सोडल्यावाचून परक्याने ते पाणी पिऊ नये, असा त्या काळचा दंडक होता. मुनींनी उदक सोडले, मात्र शेवटी हळूच जोडले, "पूर्वेचा घाट वगळून." एवढ्या तपस्व्याला एक घाट सुटला नाही म्हणून कुणी हसू नये. ज्याचे जळते त्यालाच कळते.

पुढे ग्रीष्मातल्या एका मध्यान्ही भद्रक नावाचा वृद्ध वनवासी आपल्या पत्नीला पाठीवर घेऊन डोंगर उतरला. तहानेने तिचे ओठ फाटले होते. घाटावर बसलेल्या मुनींना वंदन करून त्याने विचारले, "मुनिवर, या जलाचा उत्सर्ग झाला आहे ना?"

"झाला आहे," मुनी म्हणाले. असत्य त्यांच्या जिभेला ठाऊक नव्हते, म्हणून पुढचेही बोलावे लागले. "पण हा घाट सोडून. पश्चिमेच्या घाटावर जा."

भद्रकाने पैलतीराकडे पाहिले. "तिथवर ही टिकायची नाही, महाराज."

"मग इथेच पाज! माझी अनुज्ञा आहे."

तेव्हा पाठीवरची वृद्धा क्षीण स्वराने म्हणाली, "आज आपण आहात, अनुज्ञा मिळाली. उद्या येणाऱ्याने कुणाला विचारावे? न दिलेले जल मी जन्मभर घेतले नाही. चला हो."

भद्रक वळला. धुळीने माखलेले तिचे पाय त्याच्या कमरेशी लोंबत होते. ते पाहून मुनींना याच घाटावर पाण्यात सोडलेले सुव्रतेचे दमलेले पाय आठवले.

"थांबा!" म्हणत ते पाण्यात धावले. घाईत कुशही सापडेना. नुसत्याच ओंजळीने उदक सोडत ते गरजले, "हा घाट, ही पायवाट, हे सारे सर्व प्राणिमात्रांना दिले! न मम! न मम!"

वृद्धा पोटभर पाणी प्याली. तिच्या डोळ्यांत तेज आले, आणि जळातून पाशधारी वरुणदेव प्रकटले. "तृणपादा, प्रसन्न झालो. वर माग."

मुनींनी हात जोडले. "जलाधीशा, दिलेल्या वस्तूवर दात्याचा अधिकार उरत नाही. मग आता मला इथे बसता येईल का, एवढेच सांग."

"सर्व प्राणिमात्रांना दिलेस ना?" वरुण कोमल स्वरात म्हणाले. "मग त्यांत तू नाहीस?"

हे ऐकून वृद्धा पायरीवर थोडी सरकली आणि शेजारच्या दगडावर हात ठेवून म्हणाली, "या, बसा." मुनी बसले आणि इतक्या दिवसांत प्रथमच मोकळेपणाने रडले. वरुणदेव उद्गारले, "तथास्तु! जलाशयाकाठी कुणालाही जागा कमी पडणार नाही."

तेव्हापासून तळ्याच्या काठी, उद्यानात, डोंगरवाटेवरच्या कट्ट्यावर कुणी दमलेला अनोळखी आला, की आधीचा माणूस न सांगता थोडा सरकून बसतो.