ठकीचा हॉर्न

मोटारी एकमेकींशी कडाकडा भांडायच्या, त्या काळातली गोष्ट. दौलू मिस्त्रींच्या गॅरेजात राणी नावाची जुनी, दिमाखदार मोटार बंद पडून होती. तिला सुटे भाग हवेत म्हणून मिस्त्रींनी तिच्याच जातीची गंजकी ठकी विकत आणली.

ठकीनं फाटकातच हॉर्न दिला. राणीनं नाक मुरडलं. "शी! म्हैस हंबरली की काय? लांब उभी राहा, भंगार कुठली!"

"भंगारातून कुणी इंजिन घेत नाही, बाई," ठकी म्हणाली. "हवं ते घे. पण मी मान खाली घालणार नाही."

मिस्त्रींनी तिचं इंजिन काढलं, गिअर काढले, शेवटी हॉर्नही राणीला बसवला. कोपऱ्यात ठकीचा नुसता सांगाडा उरला.

दसऱ्याला पान्या-हातोड्यांची पूजा झाली आणि मिस्त्रींनी राणीला झेंडूचा हार घातला.

"बघ गं, हार कुणाच्या गळ्यात आहे!" राणी फुशारली.

"हार तुझाच," ठकी म्हणाली, "पण गळा कुणाचा? दे बघू हॉर्न!"

राणीनं चिडून हॉर्न दिला. अख्ख्या गॅरेजात म्हैस हंबरली.

"हं," सांगाडा म्हणाला, "आता म्हण भंगार!"