चिंचेची ओवाळणी

एका राज्यात सुमेरू नावाचा राजा होता. हात सढळ, पण भेट निवडायचा भारी आळस! सणावाराला कोठीतून ताटे भरून येत, राजा मान वर न करता त्यांना हात लावी आणि सेवक ती घरोघर पोचवीत. राज्यावरची टोळधाड परतवली म्हणून भृंगनाथ मांत्रिकाकडे असेच एक ताट गेले. त्यात सोन्याची फणी होती. मांत्रिकाच्या डोक्यावर तर औषधालाही केस नव्हता!

तो फणी घेऊन दरबारात आला, तेव्हा दरबार खो खो हसला. भृंगनाथाने शाप दिला, "राजा, घेणाऱ्याकडे न पाहता तू दिलेली भेट ज्याच्या हाती पडेल, तो दगड होईल."

राजाने ते हसण्यावारी नेले. दुसऱ्याच दिवशी भाऊबीज. नेहमीसारखे ताट नदीपलीकडच्या महालात, राजाची धाकटी बहीण इंदुलेखा हिच्याकडे गेले. तिने हाती घेतले मात्र, तिची पावले दगडाची झाली.

राजा धावत मांत्रिकाकडे गेला. "चूक माझी. शिक्षा तिला का?"

"सुटलेला शब्द मलाही मागे घेता येत नाही," मांत्रिक ओशाळून म्हणाला. "तीन भेटी दे. एक जरी खरोखर तिची निघाली, तर शाप तुटेल."

राजाने नवलखा हार नेला. दगड कमरेपर्यंत चढला. पांढरा हत्ती नेला. दगड हनुवटीला भिडला. राजा मटकन खाली बसला.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "महाराज, हार पाहिलात, हत्ती पाहिलात. बाईंकडे कधी पाहिलंत?"

राजाने पाहिले. दगडाचे उजवे पाऊल वाकडे होते. लहानपणापासूनच तसे. इंदूला झाडावर चढता येत नसे. तो वरून चिंचा टाकी, ती खाली पदर पसरून उभी राही.

राजा उठला, आपल्या राजवाड्यामागच्या चिंचेवर स्वतः चढला. मुंगळे चावले, जरीचा अंगरखा फाटला, मुकुट चिखलात पडला. परत येऊन त्याने मूठभर हिरव्या चिंचा बहिणीपुढच्या ताटात ठेवल्या.

काहीच घडले नाही. राजाचा जीव टांगणीला लागला.

मग इंदुलेखेने हळूच विचारले, "दादा, मीठ?"

राजाने शेल्याची गाठ सोडली. गाठीत मीठ होते.

हनुवटीपासून पावलांपर्यंत दगड विरघळून गेला. इंदुलेखेने चिंच मिठाला लावून खाल्ली, आंबटाने डोळे मिटले आणि ती खदखदून हसली. सुटलो एकदाचे, म्हणून राजा लहान मुलासारखा रडला.

तिथून तो भृंगनाथाकडे गेला आणि लोकरीची कानटोपी त्याच्या डोक्यावर आपल्या हाताने चढवली. मांत्रिकाने ती कानांवर नीट ओढून घेतली. "थंडीत डोकं फार गार पडायचं रे राजा," तो म्हणाला.

कोठीतली ताटे त्या दिवसापासून बंद झाली. जसा इंदुलेखेला तिचा भाऊ भेटला, तसा वाट पाहणाऱ्या प्रत्येकीला भेटो. चिंचेची कहाणी मिठासकट पुरी झाली.